अर्ज कुणी लिहिला?

रायपूरला येऊन मला पंधरा वर्षं झाली. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘आप कहाँ की हैं?’ सुरुवातीला मी एका शब्दात सांगत असे, पुणे. काही वर्षांनी ‘वैसे तो पुणे’ असं म्हणू लागले. आता मी ‘चौबे कॉलोनी’ असं उत्तर देते. त्यावर समोरचा माणूस हसून म्हणतो, “वो तो ठीक है, पर मूल रूप से?” हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाकडं नसतं. तरीही दर वेळी मला वाटतं की आपण एका उंबऱ्यावर उभ्या आहोत आणि आत येण्याची पात्रता नक्की कशानं ठरते, ते कुणीच सांगत नाही.

छत्तीसगढीत बाहेरून आलेल्याला ‘परदेशिया’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. परदेश म्हणजे पासपोर्ट, विमान, समुद्र. नागपूरवरून रेल्वेनं येणारी मी कसली परदेशिया? मग आठवलं की उत्तरेकडून महाराष्ट्रात येऊन राहिलेल्यांना आपणही ‘परदेशी’च म्हणत आलो. पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी कित्येक घरं आजही ते आडनाव लावतात. म्हणजे एकच शब्द आम्ही त्यांना दिला आणि इथं तोच माझ्या वाट्याला आला. अनुवादक म्हणून मला याची गंमत वाटली. माणूस म्हणून तो शब्द पचायला वेळ लागला.

मराठी माणूस इथं नवा नाही, हे मी पुढं वाचत गेले. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत या प्रदेशात सैन्य घेऊन उतरला. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून राज्य करू लागले. त्यांच्या पश्चात सुभेदार आले, कमाविसदार आले, वसुली आली. 1854 मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, तरी नागपूरशी असलेलं नातं तुटलं नाही. 1956 पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. त्या ओघात कारकून, वकील, शिक्षक, रेल्वेतले बाबू येत राहिले. तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांमध्ये त्यांची घरं झाली. आमच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तिथं गणपतीत कानावर पडणारं मराठी ऐकून मला पहिल्या वर्षी रडू आलं होतं. त्या मराठीत ‘मी जाऊन राहिले’, ‘माझ्यापाशी आहे’ अशी हिंदीच्या शेजारानं वळलेली वाक्यं असतात. सुरुवातीला मी ती मनातल्या मनात दुरुस्त करत असे. आता माझ्याच तोंडून तशी वाक्यं निघतात.

तर आम्ही इथं पाहुणे म्हणून आलो नव्हतो. आधी तलवारीनिशी आलो, मग वसुलीची वही घेऊन, मग लेखणी घेऊन. ‘परदेशिया’ या शब्दात कधी कधी जी धार जाणवते, ती हवेतून आलेली नाही. मी स्वतः कुणाचं काही लुटलेलं नाही, हे खरं. पण एका गावात परकं असणं म्हणजे निष्पाप असणं, हे समीकरणही खरं नाही. हे मला इतिहासातून कळायला हवं होतं. कळलं ते एका अर्जातून.

त्या अर्जाकडे येण्याआधी या शहराविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्या अर्जाचं मूळ शहराच्या वेगात आहे.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ राज्य झालं आणि जिल्ह्याचं ठिकाण असलेलं रायपूर एका रात्रीत राजधानी झालं. मंत्रालयाला जागा नव्हती, म्हणून दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाच्या इमारतीत मंत्रालय बसवलं. 2012 मध्ये मंत्रालय नव्या रायपूरला गेलं आणि काही वर्षांनी त्याच जुन्या इमारतीत पुन्हा रुग्णालय सुरू झालं. एकाच पत्त्यावर माणसं आधी औषधाला, मग अर्ज घेऊन, मग परत औषधाला जात राहिली. शहराच्या मधून धमतरीकडे जाणारी छोटी रेल्वे लाइन होती, शंभर वर्षांहून जुनी. मी आले तेव्हा फाटक बंद झालं की रिक्षावाला इंजीन बंद करून निवांत तंबाखू मळायचा. आता तिथं एक्सप्रेसवे आहे. तेलीबांधा तलावाच्या काठाला लोक ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. शास्त्री चौकावरचा स्कायवॉक वर्षानुवर्षं अर्धवट उभा राहिला. त्याचे लोखंडी सांगाडे बघत मोठी झालेली मुलं ती जणू कायमचीच वस्तू आहे असं समजू लागली. आमच्या कॉलोनीत आंब्याचं किंवा पेरूचं झाड असलेली एकमजली घरं होती. त्यातली बरीचशी पाडून तिथं चार-पाच मजली अपार्टमेंट उभी राहिली. मीही अशाच एका अपार्टमेंटमध्ये राहते. कुणाच्या तरी अंगणाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर.

इतक्या वेगानं बदलणाऱ्या शहरात परक्या माणसाला एक सोयीचा विचार सुचतो. तो असा : इथं सगळेच परके आहेत. जुन्या रायपूरकरालाही आपला चौक ओळखू येत नाही, मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? चीनमधल्या शेनझेनविषयी वाचताना मला हाच विचार सरकारी फलकावर भेटला. 1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालेलं ते शहर बघता बघता महानगर झालं, आणि ‘आलात की तुम्ही शेनझेनकर’ अशा अर्थाची घोषणा तिथं लोकप्रिय आहे. किती उदार वाटतं! पण त्याच देशात 1950 च्या दशकापासून हुकौ नावाची घरनोंदणीची पद्धत आहे, आणि गावाकडून आलेल्या मजुराला शहरातली शाळा, दवाखाना मिळताना ती नोंद आडवी येत राहिली. घोषणा म्हणते, तुम्ही आमचे. कागद विचारतो, मूल रूप से?

आणि ‘सगळेच परके’ हे खरंही नाही. नवं रायपूर ज्या गावांच्या जमिनींवर उभं राहिलं, त्यांपैकी राखीसारख्या गावांतल्या माणसांनी आपली धानाची शेतं सेक्टर होताना पाहिली. 2018 मध्ये त्या शहराला अटलनगर हे नाव मिळालं. 2022 च्या जानेवारीत तिथले शेतकरी मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी धरणं धरून बसले होते. तो शेतकरी स्वतःच्या बांधावर परका झाला. मी मात्र परकी होण्यासाठी तिकीट काढून आले, आणि परतीचं तिकीट कायम माझ्या हातात आहे. दोघांना एकच शब्द लावला, तर त्या शब्दानं माझी सोय होते, त्याची होत नाही.

आता तो अर्ज.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी पाच-सहा भाजीवाल्या बसत. त्यातल्या एका वयस्कर बाईला सगळे दाई म्हणत. मी छत्तीसगढी शिकले ती निम्मी तिच्या टोपलीतून. तिचा चरोटा म्हणजे आपला टाकळा, अमारी म्हणजे अंबाडी, मुनगा म्हणजे शेवगा. शब्दकोशात न सापडणारे प्रतिशब्द मी तिथं उकिडवी बसून हाताळून पाहिले. तिजाच्या आधी ती माहेरी जायची. तेव्हा मला कळलं की आपल्या हरतालिकेच्या दिवशी इथली साठीची बाईसुद्धा हक्कानं माहेरवाशीण असते. “तोर गाँव कहाँ हे, नोनी?” असं तिनं मला विचारलं होतं. मी पुणे म्हटलं. “दुरिहा हे?” लांब आहे का? मी हो म्हटलं. मूळ गाव कुठलं हे विचारून झाल्यावर तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. बहुतेक तिच्या लेखी अंतर कळलं की चौकशी संपत होती.

तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्या रहिवाशांची बैठक झाली. गाड्यांना वळायला जागा उरत नाही, पालापाचोळा पडतो, गाई येतात. तक्रारी खोट्या नव्हत्या. कुणी तरी म्हणालं, अर्ज देऊ या. आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. “भाभीजी, आपकी भाषा अच्छी है।”

मी तो अर्ज लिहिला. तो लिहिताना मी काय केलं, ते नीट सांगते, कारण माझ्या धंद्याचा तो भाग आहे. बैठकीत लोक म्हणाले होते, ‘ये लोग गंदगी करते हैं.’ मी लिहिलं, ‘स्वच्छता एवं जनस्वास्थ्य की दृष्टि से.’ कुणी म्हणालं होतं, ‘अपार्टमेंट का रेट गिरता है.’ ते मी गाळलं. पाच-सहा बायका आणि त्यांच्या टोपल्या यांचं मी ‘अतिक्रमण’ केलं. चिडलेल्या बोलण्याला मी सभ्य, समंजस, सरकारी भाषेत आणलं. अनुवादकाला जे जमलं पाहिजे तेच मी केलं : बोलणाऱ्याचा आशय ऐकणाऱ्याच्या भाषेत, ऐकणाऱ्याला पटेल अशा सुरात. फरक इतकाच की एरवी मी मूळ लेखकाशी इमान राखते. इथं मी मूळ बोलणं झाकलं.

सह्यांची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, “मी भाडेकरू आहे, माझी सही कशाला?” कुणी आग्रह केला नाही. अर्जावर वीस-बावीस सह्या झाल्या, माझी झाली नाही. त्या रात्री मला हलकं वाटलं होतं, हे मी लपवत नाही. मी फक्त शब्द दिले, निर्णय त्यांचा. शिवाय मी इथली नाही.

दोन आठवड्यांनी एका सकाळी गल्लीचं तोंड मोकळं होतं. गाड्या सुखानं वळत होत्या. पुढं महिनाभरानं दाई मला रामकुंडच्या बाजूला एका भिंतीच्या कडेला बसलेली दिसली. गिऱ्हाईक कमी होतं, ऊन थेट अंगावर येत होतं. मी भाजी घेतली. सुटे पैसे मोजता मोजता तिनं विचारलं, “चिट्ठी कोन लिखिस, नोनी?” अर्ज कुणी लिहिला गं? आणि मग, कुणी तरी सांगितलेलं ऐकून, तिनं पुढं जोडलं, “बने लिखे हे कहिथें.” छान लिहिलाय म्हणतात.

मी म्हटलं, माहीत नाही.

पंधरा वर्षांत मला माझ्या भाषेबद्दल मिळालेली ती सर्वांत प्रामाणिक दाद होती, आणि मी ती नाकारली.

त्या दिवसांत मी माधवराव सप्रे यांच्यावरच्या एका लेखाचं काम करत होते. सप्रे 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरिया इथं जन्मले. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. 1900 मध्ये त्यांनी पेंड्रासारख्या आडगावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केलं. त्यात 1901 मध्ये आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या लघुकथांमध्ये गणली जाते. गोष्ट छोटी आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचं आवार वाढवायचं असतं आणि मध्ये एका विधवेची झोपडी येते. वकिलांकरवी तो ती मिळवतो. म्हातारी नातीसाठी चूल घालायला टोपलीभर माती मागते आणि ती टोपली उचलून द्यायची विनंती त्यालाच करते. ती त्याला उचलवत नाही. मग एका टोपलीचा भार पेलत नाही तर या जागेतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलणार, असं ती त्याला विचारते. जमीनदार वरमतो, झोपडी परत करतो.

ही कथा मला आधीपासून माहीत होती. या वेळी माझं लक्ष वकिलांवर खिळलं. कथेत ते एका वाक्यापुरते येतात. म्हातारी त्यांना टोपली उचलायला सांगत नाही, आणि कथेच्या शेवटी पश्चात्तापाची संधीही त्यांना मिळत नाही. भाषेचं काम करून ते बाजूला झालेले असतात.

सप्र्यांच्या आयुष्यातही एक कागद आहे. नागपूरहून ते टिळकांच्या विचारांचा ‘हिंदी केसरी’ काढत होते. 1908 मध्ये टिळकांना शिक्षा झाली, पाठोपाठ सप्र्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. घरच्यांच्या दबावाखाली त्यांनी माफीनाम्यावर सही केली आणि ते सुटले. त्या सहीनं त्यांना सोडलं नाही. सार्वजनिक जीवनातून ते मागे सरले, समर्थ संप्रदायाकडे वळले, ‘दासबोध’ हिंदीत आणला. पुढं टिळकांचं ‘गीतारहस्य’ही त्यांनीच हिंदीत नेलं. माफी न मागता मंडालेला गेलेल्या माणसाचा कर्मयोगावरचा ग्रंथ, माफी मागून सुटलेल्या माणसानं ओळ न् ओळ दुसऱ्या भाषेत लिहून काढला. 1926 मध्ये रायपुरातच ते वारले. आज इथं त्यांच्या नावाची शाळा आहे. त्यांना कुणी परदेशिया म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

का बरं? ते इथं फार वर्षं राहिले म्हणून? त्यांनी हिंदी स्वीकारली म्हणून? ही कारणं मला अपुरी वाटतात. गजानन माधव मुक्तिबोधांनी हिंदीत लिहिलं आणि त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. त्यावरून कोण कुठला हे ठरवू गेलं तर दोघांवरही अन्याय होईल. माझ्या मते सप्रे इथले झाले, कारण त्यांच्या चुकीवर त्यांची सही होती आणि त्या सहीचा जाब ते याच मुलखात, याच माणसांमध्ये देत राहिले.

परकेपणाचा विचार करताना दोन जर्मन विचारवंत नेहमी हाताशी येतात. कांटनं 1795 मध्ये म्हटलं की परक्याला भेट देण्याचा हक्क आहे, त्याला शत्रूसारखं वागवू नये. पण पाहुणा म्हणून मुक्काम करण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. झिमेलनं 1908 मध्ये परका म्हणजे आज येऊन उद्या जाणारा वाटसरू नव्हे, तर येऊन राहणारा माणूस, असं मांडलं, आणि अशा माणसाकडे एक प्रकारची तटस्थ नजर असते, लोक त्याच्यापाशी मन मोकळं करतात, हेही नोंदवलं. एम.ए.ला असताना मला झिमेलचा परका फार आवडला होता. तो मला अनुवादकासारखा वाटला : दोन्हीकडचा, म्हणून कुठलाच नाही, म्हणून विश्वासार्ह.

आज मला त्या तटस्थतेतली फट दिसते. तटस्थ नजर वेगळी आणि तटस्थ हात वेगळा. शहर पाहताना मी बाहेरची असू शकते, पण शहरात काही करताना नाही. मी इथलं पाणी वापरते, इथल्या रस्त्यावर गाडी वळवते, इथल्या कचेरीत पोचणारी वाक्यं लिहिते. त्या वाक्यांनी एक बाई सावलीतून उन्हात गेली. ‘मी इथली नाही’ हे तेव्हा माझ्याविषयीचं वर्णन उरलं नव्हतं. ती पळवाट झाली होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी स्वतःलाच अनेकदा घेतला. परक्यानं प्रत्येक गोष्टीत हात घालायचा ठरवला तर ती पुन्हा सुभेदारीच नाही का? बाहेरून यायचं आणि इथल्यांना काय योग्य ते सांगायचं, हे भोसल्यांनी केलं, इंग्रजांनी केलं. गप्प राहण्यात नम्रता नाही का? असते, जर गप्प राहिलो तर. मी गप्प नव्हते. मी सगळ्यांत वाचनीय आवाज होते, फक्त निनावी. सुभेदाराला जाब विचारता येत नसे, म्हणून तो सुभेदार. सही न करता अर्ज लिहिणाऱ्या बाईलाही जाब विचारता येत नाही. या एका बाबतीत, भाजीवाल्यांना हटवा म्हणून सह्या करणारे माझे शेजारी माझ्यापेक्षा सरळ होते. त्यांच्याशी भांडता येतं. माझ्याशी भांडायला मी सापडतच नव्हते.

म्हणून आपण कुठले, याचं उत्तर मी आता वर्षं मोजून देत नाही, भाषा मोजूनही नाही. जिथं आपल्याला जाब विचारता येतो, आणि तो विचारल्यावर आपण तिथंच उभे राहतो, तिथले आपण. ‘छत्तीसगढिया सबले बढिया’ ही घोषणा मला लागू होते की नाही, हा वाद मग दुय्यम ठरतो. आपलेपण हा आधी हक्क नाही, आधी जबाबदारी आहे. आणि ती पेलणाऱ्याला हक्क द्यायचा की नाही, हे इथल्या माणसांच्या हाती आहे. ते नाही म्हणू शकतात. तरी जबाबदारी उरतेच.

मी दुसरा अर्ज लिहिला. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला हटवू नये, हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. हे मी पहिला अर्ज लिहिण्याआधी वाचायला हवं होतं. या वेळी शब्द कमी सुंदर होते आणि खाली माझं नाव, फ्लॅटचा क्रमांक, फोन होता. शेजारच्या दोघांनी माझ्याशी काही महिने बोलणं टाकलं. अर्जाला उत्तर आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी आता पुन्हा दोन-तीन बायका बसतात. त्या माझ्या अर्जामुळं बसतात असं मानायला काहीही आधार नाही. बहुधा त्या आपल्या आपणच परतल्या. दाई परतली नाही. रामकुंडच्या भिंतीपाशी तिचं गिऱ्हाईक जमलं होतं.

तिथंच मी तिला सांगितलं. मोडक्या छत्तीसगढीत, आधी मनात चार वेळा अनुवाद करून. पहिली चिठ्ठी मीच लिहिली होती, आणि त्या दिवशी खोटं बोलले. तिनं अमारीची जुडी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “जानत रेहेंव.” माहीत होतं मला.

कधीपासून, हे मी विचारलं नाही. तिनं भाव सांगितला, नेहमीचाच. मी पैसे दिले. तिनं सुटे मोजून परत केले, एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही.